भट्टीवर गेलेल्या बाळाचा शिधा

पेण म्हटले की आपल्याला गणपतीच्या मूर्ती आणि पोहे-पापड आठवतात. रोहे म्हटले की कुंडलिकेचा काठ. पण रायगड जिल्ह्यातल्या या दोन तालुक्यांची आणखी एक ओळख आहे, आणि ती नेमकी दिवाळीच्या सुमारास प्रकट होते. पाऊस सरला, भातकापणी उरकत आली, की डोंगरपायथ्याच्या कातकरवाड्या ओस पडू लागतात. कोणी वीटभट्टीवर जातो, कोणी कोळसा पाडायला. कोणी जवळपासच्या तालुक्यात, तर कोणी राज्याची सीमा ओलांडून थेट कर्नाटकात. पावसाळ्यात हाताला काम नसताना मुकादमाकडून उचल घेतलेली असते; ती अंगमेहनतीने फेडायची. पुरुष एकटा जात नाही. बायको, तान्हे मूल, कोंबड्या, भांडीकुंडी असा सारा संसार बरोबर निघतो आणि मृगाच्या तोंडावर परततो.

या सहा-सात महिन्यांत त्या तान्ह्या मुलाच्या हक्काचे काय होते?

कागदावर हे हक्क काही थोडेथोडके नाहीत. १९७५ साली देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्यातून अंगणवाड्या आल्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला अंगणवाडीतून पूरक आहार मिळण्याचा हक्क दिला. साधारण बालकाला दिवसाला ५०० उष्मांकांचा आणि तीव्र कुपोषित बालकाला ८०० उष्मांकांचा आहार मिळावा, असे त्यात ठरवून दिले आहे. पहिल्या बाळंतपणासाठी मातृवंदना योजनेतून ५,००० रुपये, आणि दुसरे अपत्य मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. महाराष्ट्राची ‘लेक लाडकी’ योजना तर १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या, पिवळ्या वा केशरी शिधापत्रिकेच्या घरातल्या मुलीला जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने १,०१,००० रुपये देते. अटी अर्थात आहेतच; पण अटी पाळूनही हे लाभ निसटतात, ते घर हलल्यामुळे.

कारण हे लाभ वस्तीच्या यादीला बांधलेले. वाडीतल्या अंगणवाडीत बाळाचे नाव आहे, पण बाळ भट्टीवर. भट्टीजवळच्या अंगणवाडीत आहार आहे, पण बाळाचे नाव नाही. तीन महिन्यांनी वजन घटले, तर ते तराजूवर पाहणारे कोणी नसते. पुढची लस कधी, हे आईला सांगणारे कोणी नसते.

हा पेच केवळ आपल्याकडचा नाही. युरोपात एका देशात राहून दुसऱ्या देशात काम करणारी माणसे पुष्कळ आहेत. तेथील संघराष्ट्रांनी २०१० पासून लागू असलेल्या नियमांनी असे ठरविले आहे, की मुलाचा भत्ता सामान्यतः बाप वा आई जेथे काम करते त्या देशाने द्यावा, मूल दुसऱ्या देशात वाढत असले तरी. दोघे दोन देशांत कमावती असतील, तर मूल राहते त्या देशाचा पहिला मान आणि दुसऱ्याने वरची तूट भरून द्यायची. सरहद्द आडवी आली म्हणून मूल उपाशी राहू नये, हे त्यामागचे साधे तत्त्व.

आपल्याकडेही हे तत्त्व हळूहळू येते आहे. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ या व्यवस्थेत २०२२ पासून सारी राज्ये आली. कर्नाटकातल्या दुकानातूनही पेणच्या शिधापत्रिकेवर धान्य उचलता येते, आधारजोडणी पुरी असली म्हणजे झाले. घरातले काही जण वाडीवर राहिले असतील, तर धान्याचा वाटा दोन ठिकाणी घेता येतो. अंगणवाडीच्या संगणकीय नोंदीतही बाळाचे नाव एका अंगणवाडीतून दुसरीत नेण्याची सोय आहे. शाळेच्या बाबतीत २००९ चा शिक्षणहक्क कायदा स्पष्ट बोलतो: दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

तेव्हा निघण्यापूर्वी काय करावे? अंगणवाडीसेविकेला आपण कोठे जातो ते सांगावे. माता-बाल कार्ड, शिधापत्रिका आणि आधारपत्रे एका पिशवीत घालून बरोबर न्यावीत. बाळ भट्टीवर जन्मले, तर त्याची नोंद जेथे जन्मले तेथेच, २१ दिवसांच्या आत करावी. वाडीवर परतल्यावर करू म्हणून चालत नाही. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना तर शाळाप्रवेशापासून पुढे जन्मदाखलाच मुख्य पुरावा मानला जातो. आणि उचल फिटली नाही म्हणून मालक जाऊ देत नसेल, तर १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने ते कर्जच रद्द ठरते. दाद तहसीलदाराकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे मागावी.

तुम्ही म्हणाल, एवढे त्यांना ठाऊक असते तर आणखी काय हवे होते! खरे आहे. म्हणूनच हा लेख त्यांच्यासाठी नाही, आपल्यासाठी आहे. आपल्या नव्या घराच्या भिंतीतली वीट अशाच एखाद्या भट्टीवर भाजलेली असेल. गावाकडे जाताना वाटेत भट्टी दिसते, शेजारी झोपडी दिसते, धुळीत खेळणारे मूल दिसते. जवळची अंगणवाडी कोठे आहे हे त्याच्या आईला सांगणे, आणि तेथील सेविकेला भट्टीवर मुले आहेत हे कळविणे, याला पैसा लागत नाही. अंगणवाडीचा आहार प्रत्येक बालकासाठी आहे. त्यासाठी दारिद्र्यरेषेचा दाखला लागत नाही.

आपल्या घरी या दिवसांत फराळाची ताटे शेजारीपाजारी जातात. भट्टीवरच्या त्या बाळाचे ताट सरकारने वाढून ठेवलेले आहेच. त्याच्यापर्यंत ते पोचते की नाही, एवढे आपण पाहावे.