मशिदी गेल्या, हमाम उरले : बुडापेस्टच्या गरम पाण्याचा धंदा

हमामाच्या धंद्यात पूर्वी सर्वात मोठा खर्च सरपणाचा असे. पाणी तापवायला भट्टी, भट्टीला लाकूड, लाकूड आणायला गाड्या आणि रात्रभर जागून जाळ राखणारा माणूस. गिऱ्हाईक येवो न येवो, भट्टी विझवता येत नसे. हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथील तुर्की हमामांना मात्र हा खर्चच नव्हता. तेथे पाणी जमिनीतूनच गरम येते. डॅन्यूब नदीच्या काठावर आणि आसपास सुमारे १२० गरम झरे व विहिरी आहेत. अशा झऱ्यावरच्या हमामाला तुर्क ‘इलिजा’ म्हणत आणि भट्टीच्या हमामापासून वेगळा मानत. व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर फरक साधा आहे : एकाचा कच्चा माल विकत घ्यावा लागतो, दुसऱ्याचा फुकट मिळतो.

बुडा शहर १५४१ पासून १६८६ पर्यंत उस्मानी सल्तनतीत होते. या झऱ्यांचे पाणी रोमन लोकांनीही वापरले होते; पण आज जे जुने घुमट दिसतात ते तुर्कांचे, आणि त्यांतले बरेचसे एकाच माणसाच्या कारकिर्दीतले आहेत. तो म्हणजे सोकोल्लू मुस्तफा पाशा, १५६६ ते १५७८ या काळातला बुडाचा सुभेदार. त्याने बांधलेला रुदाश हमाम आजही चालू आहे. मधोमध अष्टकोनी हौद, त्यावर आठ खांबांनी तोललेला १० मीटर व्यासाचा घुमट, घुमटाला लहान लहान भोके आणि त्यांतून पाण्यावर पडणारे उजेडाचे कवडसे. मधल्या हौदाचे पाणी ३६ अंश, आणि चार कोपऱ्यांतल्या चार छोट्या हौदांचे २८, ३०, ३३ व ४२ अंश. गिऱ्हाइकाने सोसेल त्या हौदात बसावे. खांबांपैकी एक हिरवा होता, म्हणून तुर्क त्याला ‘हिरव्या खांबाचा हमाम’ म्हणत. प्रसिद्ध प्रवासी एवलिया चेलेबी १६६३ मध्ये बुडाला आला तेव्हा त्याने या हमामांचे वर्णन लिहून ठेवले.

आम्हाला अधिक नवल वाटते ते किराय हमामाचे. त्याच्याखाली झरा नाही! बाकीचे हमाम तटाबाहेर, झऱ्यांच्या जागी. शत्रूचा वेढा पडला की तेथे जाणे बंद. म्हणून अर्सलान पाशाने १५६५ च्या सुमारास तटाच्या आत हा हमाम बांधायला घेतला, मुस्तफा पाशाने तो पुरा केला, आणि उत्तरेकडच्या झऱ्यांचे पाणी नळांनी आत आणले. औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही कारागिरी चटकन समजेल. तेथेही डोंगराकडचे पाणी मातीच्या नळांतून बाबाशाह मुसाफिरांच्या दर्ग्यापर्यंत आणले आणि त्याच्या जोरावर पिठाची चक्की फिरवली. बुडातही चक्क्या होत्याच. तुर्कांनी गरम झऱ्यांचे पाणी बांध घालून तळ्यात अडवले आणि त्यावर दारूगोळ्याची दारू कुटण्याची गिरणी चालवली. थंडीत त्या मुलखात नद्या गोठतात आणि पाण्यावरच्या चक्क्या थांबतात. गरम पाण्याची चक्की मात्र बारा महिने फिरते. एकाच पाण्यातून हमामाची आणि गिरणीची अशी दोन कामे त्यांनी काढली.

मुस्तफा पाशाने आपल्या इमारती वक्फ केल्या होत्या. हमामाचे उत्पन्न मशिदी आणि मदरशांच्या खर्चाला लावायचे ही उस्मानी रीत होती. मशिदीच्या दिव्याचे तेल आणि इमामाचा पगार गिऱ्हाइकाच्या नाण्यातून निघे. पाशाचा स्वतःचा शेवट मात्र वाईट झाला. १५७८ मध्ये बुडाच्या किल्ल्यातील दारूच्या कोठारावर वीज पडून मोठा स्फोट झाला आणि त्याच वर्षी सुलतानाच्या हुकुमाने त्याला ठार करण्यात आले.

पुढे १६८६ मध्ये ख्रिस्ती फौजांनी बुडा जिंकले. मशिदी पाडल्या गेल्या किंवा त्यांची चर्च झाली. पेस्ट बाजूच्या एका जुन्या चर्चच्या भिंतीत आजही मेहराब दिसतो, पण मशीद म्हणून त्या काळातली एकही इमारत शहरात उरली नाही. हमाम मात्र उरले. आमच्या मते याचे कारण धर्मात नाही, हिशेबात आहे. नव्या मालकालाही गरम पाणी हवेच होते आणि तिकिटाचा पैसाही. किराय हमाम १७९६ मध्ये क्योनिग नावाच्या घराण्याने विकत घेतला. क्योनिग म्हणजे जर्मनमध्ये राजा, आणि हंगेरियन भाषेत राजाला म्हणतात किराय. पाशाच्या हमामावर अशी विकत घेणाऱ्याच्या नावाची पाटी लागली, ती कायमची.

हे वाचताना आपल्याकडच्या वक्फ मिळकती डोळ्यांपुढे येतात. आमच्या माहितीतल्या एका जुन्या वास्तूच्या कमानीखाली दुकाने आहेत, त्यांचे भाडे आजोबांच्या वेळचे, आणि छत दर पावसाळ्यात गळते. भाडेकरू म्हणतो मालकाने दुरुस्ती करावी, व्यवस्थापक म्हणतात एवढ्या भाड्यात चुन्याची एक गोणीही येत नाही. दोघेही खोटे बोलत नाहीत! पण छत गळतच राहते.

बुडापेस्टलाही हा त्रास चुकलेला नाही. रात्स नावाच्या हमामाचे २०१० च्या सुमारास मोठ्या खर्चाने नूतनीकरण झाले, पण वादात अडकून तो वर्षानुवर्षे उघडलाच नाही. किराय २०२० मध्ये बंद झाला. याउलट पाशाचाच आणखी एक हमाम, वेली बेग, एका ख्रिस्ती धर्मसंघाच्या व्यवस्थापनाखाली २०११ मध्ये पुन्हा सुरू झाला. गरम पाणी फुकट असले तरी क्षार सोडते, नळ आतून भरतात, भिंती ओल धरतात. गवंडी आणि नळकाम करणारा यांना येथे कायमचे काम आहे.

तुर्कांनंतरही या धंद्यात भर पडत गेली. विल्मोश झिगमोंदी नावाच्या इंजिनिअराने पेस्टच्या सपाट भागात १८७८ पर्यंत दहा वर्षे भोक पाडून ९७० मीटर खोलीवरून ७४ अंशांचे पाणी वर आणले. त्या पाण्यावर पुढे १९१३ मध्ये सेचेनी हे प्रचंड स्नानगृह उभे राहिले. १९३८ मध्ये तेथे १,२४६ मीटर खोलीची दुसरी विहीर झाली. हेच गरम पाणी शेजारच्या प्राणिसंग्रहालयात पाणघोड्यांच्या हौदात जाते, आणि तेथे पाणघोड्यांची पैदास चांगली होते. गेलेर्त हे स्नानगृह १९१८ चे. त्याच्या भिंतींवर पेच शहरातील झोल्नाई कारखान्याच्या रंगीत फरश्या आहेत. ते २०२५ च्या ऑक्टोबरात नूतनीकरणासाठी बंद करण्यात आले.

गिऱ्हाईक दोन प्रकारचे. एक परदेशी प्रवासी, आणि दुसरा गावचा म्हातारा, ज्याला सांधेदुखीसाठी डॉक्टर स्नानाची चिठ्ठी देतो आणि खर्चाचा काही भाग सरकारी आरोग्य विमा उचलतो. प्रवासी पैसा जास्त देतो, म्हातारा आठवड्याला येतो. सेचेनीत शनिवारी रात्री गाणे-बजावणे आणि दारूच्या पार्ट्याही भरू लागल्या. उत्पन्न असेल, पण हमामाचे ते काम नव्हे.

आपले बांधव व्यापारानिमित्त तिकडे गेले तर त्यांच्यासाठी एक सूचना. रुदाशचा तुर्की भाग दीर्घकाळ फक्त पुरुषांसाठी होता. सुमारे वीस वर्षांपूर्वी स्त्रियांसाठी मंगळवार राखला गेला आणि शनिवार-रविवार एकत्र झाला. वारांची वाटणी अधूनमधून बदलते, तेव्हा तिकीट घेण्याआधी खिडकीवर विचारावे. पुरुषांच्या दिवशी तेथे पुढे बांधायचा एक छोटा पांढरा कपडा वापरण्याची रीत आहे. तो सतरला मुळीच पुरत नाही. गुडघ्यापर्यंतची पोहण्याची चड्डी घरूनच न्यावी.