ढाळजेतली कचेरी

सन २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि पुण्या-मुंबईस नोकरी करणारी कित्येक मुले-मुली गावी परतली. इकडे अंगणात हळद शिजत होती, तिकडे माळवदावर मुलगा फोन उंच धरून रेंज शोधत होता! पुढे बहुतेकजण माघारी गेले. पण काही कंपन्यांनी घरून काम करण्याची सवलत चालू ठेवली. लेकरू लहान म्हणून जिला नोकरी सोडावी लागली असती, अशा सुनेची नोकरी या सवलतीवर टिकते. मात्र बैठकीत तीनदा आवाज तुटला, की वरिष्ठ विचारतात, "शहरात कधी येता?"

मग घरचे लोक जास्त वेगाची, जास्त पैशांची लाइन घेतात. आमच्या मते ही घाई बरी नव्हे. आधी लॅपटॉप राउटरच्या पेटीशेजारी नेऊन तारेने जोडून पाहावा. तेथे काम सुरळीत चालले, तर दोष लाइनचा नाही, घरातला आहे.

वसमत, कळमनुरीकडची जुनी घरे आठवा. दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती! उन्हाळ्यात गारवा देणारी हीच भिंत वाय-फायची लहर अडवते. पेटीतून बहुधा दोन लहरी निघतात. ५ गिगाहर्ट्‌झची वेगवान, पण भिंतीपाशी थकणारी, २.४ ची मंद, पण लांब जाणारी. पेटी लोखंडी कपाटामागे किंवा पत्र्याच्या पेट्यांच्या उतरंडीवर ठेवली, तर दोन्ही वाया. ती घराच्या मध्यभागी, उंचावर आणि मोकळी असावी.

तरीही ढाळजेत पोहोचत नसेल, तर सरळ तार ओढावी. कॅट-६ ची तांब्याची तार १०० मीटरपर्यंत चालते. उंदरांपासून बचाव म्हणून ती प्लास्टिकच्या नळीतून न्यावी. हा खर्च एकदाच होतो.

दुसरी अडचण विजेची. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, पेटीला नसते. दिवे गेले, की लॅपटॉप चालू आणि लाइन बंद! राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. पेटी फारच थोडी वीज खाते, म्हणून तो काही तास पुरतो. घेताना दोहोंचे व्होल्ट जुळतात ना, ते पाहावे. बहुतेक पेट्या १२ व्होल्टच्या असतात. चुकीचे लावले, तर पेटी जळू शकते. लाइनच तुटली तर मोबाइलचे इंटरनेट हाताशी असावे, शक्यतो दुसऱ्या कंपनीचे. चित्रासह बैठकीला तासाला साधारण एक जीबी खर्च होतो, म्हणून सिनेमे पाहून ते आधीच संपवू नये.

पेटीचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. तो गल्लीभर वाटू नये. कंपनीची कागदपत्रे त्याच वाटेने जातात. शेजारधर्माला इतर वाटा पुष्कळ आहेत.

आणि एक गोष्ट कोणत्याही दुकानात मिळत नाही. घरात बसलेले माणूस रिकामे, अशी आपली समजूत! सून बैठकीत बोलत असता "जरा चहा टाक गं" अशी हाक जाते, आणि ती पलीकडे दहाजणांना ऐकू येते. सासूबाईंनी त्या दोन तासांपुरते लेकरू सांभाळले, तर तोच मोठा हातभार.

मृगाच्या तोंडावर विजा कडाडतात. उघड्यावरून गोठ्याकडे तांब्याची तार टाकू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' अ‍ॅप विजेची आगाऊ सूचना देते. सूचना येताच वरिष्ठांना कळवावे आणि गडगडाट सुरू होण्यापूर्वीच पेटीचा व लॅपटॉपचा प्लग काढून ठेवावा.