ख्रिस्ती मंडळीचे गायन : गाणारे कोण, ऐकणारे कोण?

चाकुरात हरिनाम सप्ताहाचा मांडव पडला, की वीणा उभी राहते आणि टाळ-मृदंगाच्या घोषात सात दिवस कसे जातात हे कळत नाही. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांचे कान या घोषातच तयार झाले आहेत. अशा वाचकांपुढे ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेतील गायनाचा विषय मांडला, तर कित्येक विचारतील की, या परक्या घरच्या गोष्टीशी आम्हांस काय कर्तव्य आहे? आमचे उत्तर असे की, हे घर परके नाही, आणि त्या घरात जो वाद शतकानुशतके चालला तोच आज आमच्या मांडवातही येऊन बसला आहे. देवापुढे जमलेल्या लोकांनी स्वतः गावे, की चार निवडक गळ्यांनी गावे व बाकीच्यांनी ऐकत बसावे, हा तो वाद होय.

युरोपात हा वाद केवढ्या निकरास गेला होता ते पाहण्यासारखे आहे. मध्ययुगात देवळातील गायन लॅटिन भाषेत चाले. गाणारे धर्मगुरू व गायकवृंद, आणि ती भाषा न समजणारी रयत श्रोत्यांच्या जागी. मार्टिन लूथरने १५२४ पासून जर्मन भाषेतील गीतांची पुस्तके छापविली व शेतकऱ्याच्या आणि चांभाराच्या तोंडी उपासना दिली. त्याच सुमारास झुरिच येथे झ्विंग्लीने उपासनेतून संगीतच हद्दपार केले, आणि १५२७ साली तेथील मुख्य देवळातील ऑर्गन मोडून काढण्यात आला. झ्विंग्ली स्वतः उत्तम वादक होता हे लक्षात घेतले म्हणजे या निग्रहाचे नवल वाटते! कॅल्व्हिनने मधला मार्ग काढिला. मंडळीने गावे, पण स्तोत्रसंहितेतील स्तोत्रेच गावी, सर्वांनी एकाच सुरात गावी, आणि वाद्य नको. आमच्या देशात पुढे जे मिशनरी आले ते केवळ धर्मग्रंथ घेऊन आले नाहीत. हे सारे घरगुती तंटेही त्यांच्या गाठोड्यात होते.

मराठीपुरते पाहता आरंभ मात्र थोर झाला. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला, आणि १६१६ साली त्याचे क्रिस्तपुराण रायतूर येथे छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. त्याने आपल्या देशचे वृत्त न घेता ओवीच का घेतली? कारण सासष्टीची बाई जात्यावर बसून जे गाते तेच ती देवळात गाईल, हे त्या परदेशी माणसास कळले होते. ते त्याच्या मागून आलेल्या राज्यकर्त्यांस कळले नाही. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषा तीन वर्षांत टाकून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढिला, आणि १७३६ साली इन्क्विझिशनने ख्रिस्ती घरच्या लग्नातील देशी गाण्यांवर व वाद्यांवरही बंदी घातली. प्रजेच्या गळ्यातील गाणे ही सत्तेस भय वाटावे अशी वस्तू आहे, याचा याहून सबळ पुरावा कोणत्या न्यायालयास हवा? कॅथलिक उपासनेचा मुख्य विधी जी मिस्सा, तिची लॅटिन भाषा तर १९६३ च्या व्हॅटिकन परिषदेच्या निर्णयापर्यंत हटली नाही. वसईसारख्या जुन्या मराठी मंडळीसही स्वभाषेत मिस्सा मिळाली ती त्यानंतरच.

प्रॉटेस्टंट मिशनांची अडचण निराळी होती. त्यांनी मराठी शब्द पहिल्यापासून घेतले, पण चाली पुष्कळदा विलायती ठेविल्या. आता इंग्रजी गीत शब्दाच्या आघातावर चालते, मराठी पद्य मात्रांवर किंवा अक्षरसंख्येवर. इंग्रजी चालीत मराठी शब्द कोंबले, की दीर्घ अक्षर आखडते, ऱ्हस्वावर ठोका पडतो आणि अर्थ कानापर्यंत पोचण्यापूर्वीच शब्दाची मोडतोड होते. शिवाय ती चाल चार आवाजांच्या मेळासाठी रचलेली. आमच्याकडे एकच सूर सगळे मिळून धरतात. अशा गायनात मनुष्य भक्तीने ओठ हलवील, पण त्याचे अंतःकरण त्यात उतरेल काय?

ही कोंडी अहमदनगरच्या मंडळीत फुटली. कृष्णराव सांगळे यांनी देशी चालींवर पदे रचून कीर्तनाची पद्धत ख्रिस्ती उपासनेत आणण्याचा उद्योग आरंभिला, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी त्यास कळस चढविला. (हे टिळक लोकमान्य नव्हेत, हे तरुण वाचकांसाठी सांगितले पाहिजे.) १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि १९१९ साली त्यांचा अंत होईपर्यंत शंभराहून अधिक भक्तिगीते लिहिली, ती आजही 'उपासनासंगीत' या पुस्तकातून गाइली जातात. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. धर्म बदलला म्हणून देश बदलत नाही, ही गोष्ट त्यांनी व्याख्यानांपेक्षा अभंगांनीच अधिक चांगली सिद्ध केली. ख्रिस्ती मनुष्यास विदेशी म्हणून हिणविणाऱ्या आमच्या राष्ट्रीय बाण्याच्या मित्रांनी एकदा ही पदे ऐकावी. तंजावरच्या वेदनायकम शास्त्र्यांनी त्यांच्या आधीच तमिळ कीर्तनांतून, आणि पंजाबच्या इमामुद्दीन शाहबाज यांनी पंजाबी स्तोत्रांतून हेच कार्य केले होते.

आणि विदेशीपणाचाच हिशेब मांडावयाचा, तर तो दोन्ही बाजूंनी मांडावा. आमच्या भजनी मंडळापुढे जी बाजाची पेटी असते ती कोठली? १८४० च्या सुमारास पॅरिस येथे तिचा जन्म झाला आणि विलायती मंडळींच्या मार्गाने ती येथवर आली. हाताने भाता मारण्याची सोय कलकत्त्याच्या कारागिरांनी केली. आकाशवाणीने १९४० साली तिजवर बहिष्कार घातला व तो तीन दशके चालविला, पण भजनकऱ्यांनी तिला सोडिले नाही. म्हणजे देवळातील पेटी ख्रिस्त्यांच्या घरची, आणि ख्रिस्ती मंडळीतील टाळ वारकऱ्यांच्या घरचे.

आमच्या मराठवाड्यात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसविले. ते ज्या स्कॉटिश फ्री चर्चचे, तेथे त्या काळी स्तोत्रेच, आणि तीही वाद्याविना गाण्याची रूढी होती. स्कॉटलंडात जेथे लोक निरक्षर असत तेथे एकाने ओळ सांगावी व सर्वांनी ती उचलावी अशी रीत होती. हे वाचून आमच्या वाचकांस हसू येईल, कारण आमचे भजन याहून निराळे काय आहे? पुढचा चरण सांगतो, मागचे धरतात. ज्यास अक्षर येत नाही तोही या रीतीने उपासनेचा पुरा भागीदार होतो.

म्हणूनच आजची स्थिती पाहून आम्हांस खेद होतो. कित्येक मंडळींत व्यासपीठावर वाद्यवृंद उभा राहतो, ध्वनिवर्धक भिंती हादरवितात, आणि म्हातारी माणसे ज्या पदांवर वाढली ती जाऊन शहरातून आलेली हिंदी गीते पडद्यावर झळकतात. तरुणांस ते आवडते हे खरे, आणि तरुणांस बाहेर घालवून मंडळी टिकणार नाही हेही खरे. परंतु ज्या गायनात मागच्या बाकावरील आजीचा आवाज तिचा तिलाच ऐकू येत नाही, ते मंडळीचे गायन कसले? लूथरपूर्वीचा गायकवृंदच विजेच्या तारा लावून परत आला म्हणावयाचे! सप्ताहवाल्यांनी येथे मिशीवर ताव मारू नये. बिदागी ठरवून आणलेले कीर्तनकार आणि शेजारच्या गावास ऐकू जाईल असा भोंगा, हे आपल्या मांडवातही आहेत.

कायद्याची बाजूही सांगून ठेवितो. चेन्नईच्या चर्च ऑफ गॉड या मंडळीचा ढोल व ध्वनिवर्धक यांविषयीचा खटला २००० साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. इतरांची शांतता मोडून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. त्याच वर्षी ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई झाली. निकाल एका चर्चविरुद्ध गेला म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांनी तो पुन्हा वाचावा. त्यातील तत्त्व देऊळ, मशीद व चर्च यांस सारखेच लागू आहे.

एक गोष्ट उरली. मराठवाड्यातील ख्रिस्ती मंडळींत मातंग समाजातून आलेली पुष्कळ घराणी आहेत. या समाजाची हलगी गावच्या प्रत्येक लग्नात वाजली, पण वाजविणारा मांडवाबाहेर उभा राहिला. पेटीस आणि तबल्यास देवापुढे आसन मिळाले. हलगीस ते देताना कोणी कचरत असेल, तर त्यात संगीताचा प्रश्न नसून जातीचा आहे, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. ज्या वाद्यावर बापजाद्यांचा हात बसला ते हीन म्हणून टाकून देण्यास त्या घराण्यांस कोणी शिकवू नये. येत्या नाताळात लातूर-नांदेडकडील एखाद्या मंडळीने गव्हाणीपुढे हलगी वाजविली, तर ते वृत्त आम्ही पहिल्या पानावर छापू.