अलार्म ४११ : ड्राइव्ह बदलण्याआधी

फॅनुक कंट्रोलवर ४१० किंवा ४११ दिसला की ‘ड्राइव्ह गेला’ असा निकाल लगेच लागतो. अलार्म मात्र एवढंच सांगतो, की अक्ष असायला हवा तिथे नाही आणि ही तफावत ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली आहे. ४१० अक्ष थांबलेला असताना येतो, ४११ चालताना. कारण बरेचदा यांत्रिकच असतं: कव्हरखाली दाटलेला बर, तुंबलेली ऑइल लाइन, उभ्या अक्षाचा न सुटलेला ब्रेक. सर्वो लोड मीटर चढलेला दिसला तर आधी तिकडे बघा.

अलार्म ओव्हरकरंटचा असेल तर संशय केबलवर आणि मोटरच्या कनेक्टरवर. कूलंट तिथे हटकून शिरतं. मेगर लावण्यापूर्वी मोटर केबल ड्राइव्हपासून सोडवा, नाहीतर चांगला ड्राइव्हही जातो (आणि मग निदान खरं ठरतं!). वीज बंद केली तरी डीसी लिंकचे कपॅसिटर भारलेले राहतात. चार्जचा दिवा विझल्यावरही मीटरने खात्री करूनच हात घाला. उभ्या अक्षाची मोटर काढताना खाली भक्कम ठोकळा हवाच. अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडरची बॅटरी मात्र कंट्रोल चालू ठेवून बदलायची, नाहीतर अक्षाचा झीरो हरवतो.