मावळातील घरांचे उष्णतारोधन

मावळातील घरांचे उष्णतारोधन म्हणजे पुणे जिल्ह्यातील मावळ तालुका व लोणावळा परिसरात छप्पर आणि भिंतींमधून होणारे उष्णतेचे वहन कमी करण्यासाठी योजलेले उपाय होत. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर असून तेथे वर्षाकाठी सरासरी ४,००० मिमी.पेक्षा अधिक पाऊस पडतो. त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात पडतो. पूर्वेकडे वडगाव-तळेगावपर्यंत हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते. हिमालयातील शीत प्रदेशांत उष्णतारोधकाची निवड मुख्यतः थंडीवरून होते. मावळात मात्र ती ओलाव्यावरून करावी लागते.

ओलाव्याचा परिणाम

उष्णतारोधक पदार्थाचा गुण त्यात अडकलेल्या स्थिर हवेत असतो. स्थिर हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२५ वॅट प्रति मीटर-केल्व्हिन, तर पाण्याची सुमारे ०.६, म्हणजे जवळपास चोवीस पट असते. त्यामुळे भिजलेली काचलोकर किंवा भुसा उष्णता रोखत नाही. उलट पाणी धरून ठेवून लाकूड कुजवतो, लोखंड गंजवतो आणि बुरशीला आश्रय देतो. बुरशीमुळे दम्याच्या रुग्णांचा त्रास वाढतो. ओल येणाऱ्या भिंतीवर आतून थर्मोकोल चिकटवून वर रंगीत फळ्या ठोकण्याचा उपाय म्हणूनच घातक ठरतो. ओल तशीच राहते, केवळ दिसेनाशी होते.

पारंपरिक घरे

कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप दिलेल्या भिंती आणि भाताच्या पेंढ्याने किंवा गवताने शाकारलेले उतरते छप्पर ही या भागातील जुनी रचना होय. पेंढ्यातील हवा उष्णता अडवी आणि चुलीचा धूर छप्पर कोरडे ठेवण्यास मदत करी. माळ्यावर रचलेला पेंढा हाही एक थरच होता. पावसाळ्यात झडीच्या बाजूस गवताचे तट्टे बांधून भिंत वाचवली जाई. मात्र आगीची भीती व वारंवार करावी लागणारी शाकारणी हे या रचनेचे मोठे दोष होत. १८६५ साली मंगळूर येथे बाझेल मिशनचा कौलांचा कारखाना सुरू झाला आणि पुढे मंगलोरी कौले पश्चिम किनाऱ्यावर व घाटमाथ्यावर रूढ झाली. कौले पेंढ्याइतकी उष्णता अडवत नाहीत, परंतु त्यांच्या फटींतून हवा खेळती राहते व ओल लवकर सुकते.

छप्पर

पत्र्याच्या छपराखाली स्वयंपाकाची वाफ थंड पत्र्याला लागून दवबिंदूखाली जाते व थेंब गळतात. रहिवासी याला अनेकदा गळतीच समजतात आणि वरून डांबर लावत बसतात. हिवाळ्यातील निरभ्र रात्री पत्रा हवेपेक्षाही थंड होत असल्याने तेव्हाही असेच घडते. पत्र्याच्या दोन थरांमध्ये पॉलियुरेथेन फोम भरलेली, सांधे नीट बंद केलेली पॅनेले येथे उपयुक्त ठरतात. पावसाचा आवाजही कमी होतो.

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये जाहीर केलेल्या इको-निवास संहितेनुसार निवासी छपराचा उष्णतापारेषण गुणांक १.२ वॅट प्रति चौरस मीटर-केल्व्हिनपेक्षा अधिक नसावा. १५० मिमी. जाडीच्या उघड्या काँक्रीट स्लॅबचा गुणांक सुमारे ४ येतो. त्यावर दाबीव पॉलिस्टायरिनचा २० ते २५ मिमी. थर दिल्यास ही मर्यादा गाठता येते आणि ५० मिमी. दिल्यास गुणांक सुमारे ०.५ पर्यंत उतरतो. या पदार्थाच्या बंद पेशींत पाणी फारसे शिरत नाही. म्हणून तो जलरोधक थराच्या वर ठेवता येतो, त्यामुळे जलरोधक थराचेही उन्हापासून रक्षण होते.

भिंती

नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांची झड पश्चिम व नैर्ऋत्येकडील भिंतींना बसते. तेथे रुंद पडवी किंवा मध्ये ५० मिमी. पोकळी ठेवलेली दुहेरी भिंत कोणत्याही महागड्या थरापेक्षा अधिक उपयोगी पडते. वायुमिश्रित काँक्रीटचे हलके ठोकळे विटेपेक्षा बरीच अधिक उष्णता अडवतात. तथापि ते पाणी शोषत असल्याने बाहेरील गिलावा निर्दोष असावा लागतो. शीत प्रदेशांत बाष्परोधक पडदा भिंतीच्या आतल्या, उबदार बाजूस लावतात. मावळात पावसाळाभर आत-बाहेर दोन्हीकडे दमटपणा असल्याने अशा पडद्याने अडलेली ओल भिंतीतच राहते. त्यापेक्षा चुन्याचा, बाष्प जाऊ देणारा गिलावा बरा.

आगीचा धोका

थर्मोकोल व अन्य फोम ज्वलनशील असून जळताना दाट विषारी धूर सोडतात. ते गिलावा किंवा काँक्रीटखाली झाकलेले असणे आवश्यक आहे. स्वयंपाकघराच्या छताखाली न जळणारी खनिज लोकर वापरावी, पण ती ओलाव्यापासून पूर्णपणे बंदिस्त करूनच.