टपरी बंद झाली, सवय कुठे गेली?

गंगापूर रोडवरची सकाळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळे सांगायला नको. अशोक स्तंभाकडून आनंदवलीकडे निघालात की सोमेश्वरच्या बाजूला फिरायला जाणारी मंडळी भेटतात. त्याच रस्त्यावर चहाच्या टपरीभोवती कॉलेजची मुले आणि नोकरदार उभे असतात. एका हातात चहाचा ग्लास, दुसऱ्या हातात सिगारेट. मी मास्तर माणूस, पण वीस वर्षे मीही त्याच घोळक्यात उभा राहत होतो. शाळेत जाण्याआधी एक, मधल्या सुट्टीत एक, शाळा सुटल्यावर दोन, रात्री जेवणानंतर गच्चीवर. दिवसाला आठ-दहा होत. समोरून विद्यार्थी आला की हात पाठीमागे जायचा. आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मीच व्यसनमुक्तीवर निबंध लिहायला सांगायचो.

२२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन सुरू झाले. टपरीवर ताडपत्री पडली. माझ्याकडे एक पाकीट शिल्लक होते. ते संपले की आपोआप सुटेल, असे मला वाटले. अनेक घरांत बायकांनीही तशीच दुआ केली असेल. पुढे काय झाले ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

बंदी होती, मालही होता

१५ एप्रिल २०२० च्या आदेशात केंद्रीय गृह मंत्रालयाने दारू, गुटखा आणि तंबाखूच्या विक्रीवर कडक बंदी घातली आणि थुंकण्यासही मनाई केली. आपल्या राज्यात गुटख्यावर तर २०१२ पासूनच बंदी आहे. तरीही ज्याला हवे त्याला मिळत होते. फोन करायचा, ठरलेल्या गल्लीच्या तोंडाशी जायचे, तिप्पट पैसे मोजायचे आणि पिशवीत कोथिंबिरीखाली पाकीट ठेवून घरी यायचे. मी हे केले आहे. पगार वेळेवर येईल की नाही याची धास्ती असताना केले आहे, हे लिहिताना लाज वाटते.

हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. दक्षिण आफ्रिकेने मार्चच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत सिगारेटविक्री पूर्ण बंद ठेवली होती. तिथल्या केपटाऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी ओढणाऱ्यांना विचारले, तेव्हा बहुसंख्य लोक वाढीव भावाने चोरून विकत घेत होते असे दिसून आले. काहींनी मात्र त्या काळात खरोखर सोडली.

आमच्या टपरीवर आम्ही चौघे नेहमीचे. त्यांतल्या एकाची पहिल्याच आठवड्यात सुटली. तो घरी कधी ओढतच नव्हता. त्याची सिगारेट चहाला आणि गप्पांना बांधलेली होती. गप्पा गेल्या, सिगारेट गेली. दुसरे खासगी क्लासमध्ये शिकवत. क्लास बंद, पगार बंद. त्यांची दिवसाला पाचची पंधरावर गेली. तिसरे आमचे पीटीचे सर, त्यांनी कमी केली पण सोडली नाही. चौथा मी. एकाच टपरीवरच्या चार माणसांत सवयीची मुळे वेगवेगळ्या ठिकाणी होती. कोणाची सोबतीत, कोणाची काळजीत, कोणाची रिकाम्या वेळेत. दुकान बंद करून फक्त पहिले मूळ तुटते.

घरातला धूर

टपरी बंद झाल्यावर धूर घरात आला. दोन खोल्यांचे घर, आम्ही सहा माणसे, त्यात अब्बांना दम्याचा त्रास. मी बाल्कनीत उभा राहायचो आणि दार लोटून घ्यायचो. धुराला दार कळत नाही. जो ओढत नाही त्यालाही शेजारच्याच्या धुराने हृदयाचे आणि फुप्फुसाचे आजार होतात. लहान मुलांना दमा आणि कानाचे विकार जडतात. एरवी हा धूर रस्त्यावर विरून जात असे. त्या महिन्यांत तो मुलांच्या दप्तरांना आणि अब्बांच्या उशीला लागला.

आणि बायकांचे काय? जुन्या नाशकात चौक मंडईजवळ माझी खाला राहते. तिला सिगारेटचा वासही सहन होत नाही, पण मिश्रीशिवाय तिची सकाळ होत नाही. दुकाने बंद झाल्यावर तिने तव्यावर तंबाखू भाजून घरीच मिश्री केली. आपण व्यसन म्हटले की पुरुषाच्या हातातली सिगारेट पाहतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे आढळले. त्यांत धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के, तर खाणारे, चघळणारे, मिश्री लावणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्या राज्यातला मोठा प्रश्न तोंडात ठेवण्याच्या तंबाखूचा आहे. तो बराचसा घराच्या आत आहे आणि त्याविषयी कोणी बोलत नाही.

त्या वर्षीचा रमजान

२५ एप्रिलला पहिला रोजा झाला. दरवर्षीचा माझा अनुभव असा की रोज्यात चौदा तास सिगारेटची आठवण सतावत नाही. नियत केलेली असते, मन तयार असते. पण मगरिबची अजान झाली, खजूर आणि पाणी घेतले की पाय आपोआप बाहेर वळत. रिकाम्या पोटी ओढलेल्या पहिल्या झुरक्याने डोके गरगरे. दिवसभर जे सहज सोडले, ते संध्याकाळी पुन्हा हातात. आपल्यातल्या किती भावांचा रमजान असा जातो, हे ज्याचे त्याने पाहावे.

एरवी मी मशिदीजवळ बडीशेप तोंडात टाकायचो, चूळ भरायचो आणि सफेत उभा राहायचो. त्या वर्षी मशिदी बंद होत्या. तरावीह घरीच. अब्बा खुर्चीवर, माझा दहा वर्षांचा मुलगा माझ्या उजव्या हाताला, मागे त्याची आई, दादी आणि बहीण. चौथ्या-पाचव्या दिवशी नमाज संपल्यावर मुलगा म्हणाला, "अब्बू, तुमच्या शेजारी उभा राहिलो की मला श्वास धरून ठेवावा लागतो."

तो तक्रार करत नव्हता. मी विचारले म्हणून त्याने सांगितले. मशिदीत इतकी वर्षे माझ्या शेजारी जे उभे राहिले, त्यांनी कधी सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशीपासून इफ्तारनंतर मी बाल्कनीचे दार उघडले नाही. पहिले तीन दिवस फार वाईट गेले. चिडचिड, डोकेदुखी, झोप नाही. निकोटिनची तलफ याच दिवसांत सर्वांत तीव्र असते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते, हे मला नंतर कळले. रोज्याने दिवसाचे चौदा तास सांभाळले. उरलेल्या तासांत पाणी, लवंग आणि बायकोचा धाक कामी आला. २५ मेच्या ईदला शाहजहानी ईदगाह ओस होती. घरातच नमाज झाली आणि मुलगा मला घट्ट बिलगला. त्याला श्वास धरावा लागला नाही.

एक सुटली, तीन लागल्या

मी जिंकलो असे मात्र समजू नका. सिगारेटच्या जागी भजी, समोसे आणि गोड चहा आला. शाळेचा जिना नाही, वर्गात उभे राहणे नाही, फिरणे नाही. ऑनलाईन वर्गांमुळे दिवसभर खुर्ची आणि रात्री दोनपर्यंत मोबाईल. ऑगस्टपर्यंत माझे वजन सात किलोंनी वाढले आणि साखर काठावर आली. मुलांचे तेच झाले. अभ्यासासाठी हातात दिलेला मोबाईल अभ्यास संपल्यावर परत आला नाही.

चांगलेही काही घडले. घरचे सर्वजण एका दस्तरखानवर बसून जेवू लागले. हात धुण्याची आणि रस्त्यावर न थुंकण्याची शिस्त काही काळ का होईना दिसली. अब्बा गच्चीवर रोज वीस फेऱ्या मारू लागले, त्या त्यांनी आजवर सोडलेल्या नाहीत.

मग हळूहळू टपऱ्या उघडल्या. एक दिवस पीटीच्या सरांचा फोन आला, "चहाला येता का?" गेलो. चहाबरोबर "एकच" घेतली. महिन्याभरात पुन्हा सहावर आलो. बंदीने आणि रमजानने जे दिले होते ते मी एका चहावर घालवले.

श्वासाची किंमत

सिगारेट ओढणाऱ्याला कोरोना होत नाही, अशी अफवा तेव्हा मोबाईलवर फिरत होती. मे २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले होते की धूम्रपान करणाऱ्यांमध्ये हा आजार गंभीर होण्याची शक्यता जास्त असते. २०२१ च्या एप्रिलमध्ये नाशिकने श्वासाची किंमत पाहिली. २१ एप्रिलला, रमजानमध्येच, महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्याच महिन्यात आमचे पीटीचे सर गेले. सिगारेटमुळेच गेले असे मी म्हणणार नाही. तसे कोणत्याही कागदावर लिहिलेले नाही. पण ऑक्सिजन सिलिंडरसाठी रात्रभर फोन फिरवताना माझ्या खिशात पाकीट होते. ते मी तेव्हा फेकले. त्यानंतर आजपर्यंत घेतलेले नाही, अल्हम्दुलिल्लाह.

काय केले तर सुटते?

माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो. आपली सवय कशाला बांधलेली आहे ते आधी ओळखा. माझी चहाला होती, म्हणून मी दोन महिने टपरीच्या रस्त्याने गेलो नाही आणि शाळेत थर्मास नेला. दुसरे, सोडण्याचा दिवस घरच्यांना सांगा. गुपचूप सोडलेली गुपचूप सुरू होते. तिसरे, एकट्याने जमत नसेल तर मदत घ्या. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाईनवर फोन केला तर पैसे लागत नाहीत आणि समुपदेशक पुन्हा फोन करून चौकशीही करतात. चौथे, पुन्हा लागली तर हार मानू नका. बहुतेकांची एका प्रयत्नात सुटत नाही, माझीही सुटली नाही. सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळपास निम्म्यावर येतो, हे लक्षात ठेवा.

आणि बहिणींनो, घरातली मिश्रीची डबीही याच हिशेबात धरा. खालाने अजून सोडलेली नाही. पण आता ती डबी लपवत नाही आणि डॉक्टरांना तोंड दाखवायला तयार झाली आहे. एवढे तरी झाले.

माझा मुलगा आता मोठ्या शाळेत जातो. त्याच्या रस्त्यातही टपरी आहे. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्याने मनाई आहे, तरी ती आहे. मी त्याला रोज अडवू शकत नाही. त्याने माझ्या शेजारी उभे राहून मोकळा श्वास घेतला आहे, तो त्याच्या लक्षात राहो, हीच दुआ.