चुन्याच्या पाण्यातला मका

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी फ्लॉरिडा हे अगदी दक्षिणेकडचे संस्थान. तेथील ऑर्लँडो शहराजवळ ‘एपकॉट’ नावाचे एक विस्तीर्ण मनोरंजन-उद्यान १९८२ साली लोकांसाठी खुले झाले. उद्यानाच्या एका भागात मोठे तळे असून त्याच्या काठाने अकरा देशांची दालने उभारलेली आहेत. दरवर्षी शरद ऋतूच्या सुमारास येथे खाद्यमहोत्सव भरतो. ही प्रथा १९९६ पासून चालत आली आहे. तळ्याभोवती लहान लहान दुकाने थाटली जातात आणि तेथे देशोदेशींचे पदार्थ विकावयास ठेवतात. या दुकानांत पोटभर जेवण मिळत नाही, मिळते ती केवळ वानगी. तीन-चार घासांचा पदार्थ ताटलीत घ्यावा, उभ्या उभ्याच खावा आणि पुढच्या देशाकडे वळावे, असा तेथील परिपाठ आहे.

या दालनांत मेक्सिकोचे दालन चटकन नजरेत भरते. बाहेरून ते पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेल्या प्राचीन देवालयासारखे दिसते. आत शिरावे, तो बाहेर भर दुपार असली तरी तेथे सदैव तिन्हीसांज! मधोमध बाजाराचा चौक, पलीकडे संथ वाहणारी नदी आणि दूरवर धुमसणारा ज्वालामुखी. हा सारा देखावा कृत्रिम आहे, हे लहान मुलालाही कळते. तथापि मेक्सिकोच्या दुकानातून हाती येणारा टाको मात्र देखावा नव्हे. त्याच्या मागे हजारो वर्षांचा इतिहास उभा आहे.

टाको म्हणजे काय? ‘तोर्तिया’ नावाची मक्याची पातळ, तळहाताएवढी भाकरी घ्यावयाची, तिच्यावर मांसाचे, माशाचे किंवा घेवड्याचे कालवण, चिरलेला कांदा व कोथिंबीर घालावयाची, वर मिरचीची चटणी आणि लिंबाचा रस, की झाला टाको. भाकरी, चटणी आणि कांदा! महाराष्ट्रातील माणसाला हे जेवण परके वाटू नये. किंबहुना आपल्या चटणीतील मिरची हीच मुळी तिकडची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणली. त्यापूर्वी आपल्याकडे तिखटपणासाठी मिरी आणि पिंपळी वापरीत असत. टोमॅटो हे फळही मेक्सिकोच्या लोकांनीच प्रथम आहारात रूढ केले आणि ‘टोमॅटो’ हा शब्दही तेथील नाहुआत्ल भाषेतून आला. डहाणू-घोलवडच्या बागांत पिकणाऱ्या चिकूची मूळ जन्मभूमीही दक्षिण मेक्सिको व त्याच्या आसपासचा प्रदेश हीच होय.

पेयांची गंमत याच्या उलट आहे. मेक्सिकोत ‘हमायका’ नावाचे लालभडक, आंबटगोड सरबत घरोघरी करतात. ते ज्या झाडापासून होते ती आपली लाल अंबाडीच! फूल गळून गेल्यावर बोंडाभोवती जी जाड लाल दले राहतात, ती सुकवून पाण्यात उकळतात आणि साखर घालून थंड करतात. चिंचेचे सरबतही तेथे फार लोकप्रिय आहे. ‘ओर्चाता’ हे पांढरे पेय भिजवून वाटलेल्या तांदळाचे असून त्यात दालचिनी घालतात. अंबाडी, चिंच, तांदूळ आणि दालचिनी, यांपैकी एकही वस्तू मूळची मेक्सिकोतील नाही. १५२१ साली स्पेनच्या सैन्याने मेक्सिको जिंकले. त्यानंतर समुद्रमार्गाने या वस्तू हळूहळू तेथे पोहोचल्या. मेक्सिकोचे खरे जुने पेय म्हणजे कोकोच्या बियांचे. त्यात साखर नसे. असे ती मिरची! ते उंचावरून ओतून त्यावर फेस आणीत. महोत्सवात मद्येही विकली जातात. परंतु ती मोठ्यांची बाब आहे.

आता पुन्हा त्या लहानशा भाकरीकडे वळू. मका हे मेक्सिकोचे आद्य धान्य. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी, दक्षिण मेक्सिकोतील बाल्सास नदीच्या खोऱ्यात तेओसिंते नावाच्या एका रानटी गवतापासून निवड करीत करीत शेतकऱ्यांनी तो निर्माण केला. परंतु मक्याच्या कोरड्या पिठाची भाकरी थापणे किती अवघड असते, हे ज्या घरी मक्याची भाकरी होते तेथील मुलांना विचारावे. पीठ चिकटपणा धरीत नाही, कडा फाटतात. मेक्सिकोच्या स्त्रियांनी यावर एक अपूर्व उपाय शोधून काढला. त्या मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवितात. चुना म्हणजे विड्याच्या पानाला लावतात तोच विरवलेला चुना. एक किलो मक्याला सुमारे दहा ग्रॅम चुना पुरतो. दाणे रात्रभर त्याच पाण्यात मुरू द्यावयाचे, सकाळी खळखळून धुवावयाचे. मग त्यांची चिवट साले सुटून जातात. असे दाणे तीन पायांच्या दगडी पाट्यावर वरवंट्याने वाटले की मऊ, लवचिक गोळा तयार होतो. त्याच्या हव्या तेवढ्या पातळ भाकऱ्या थापता येतात. चुन्यात मुरलेल्या या मक्याला ‘निश्तामाल’ म्हणतात. ही रीत तीन हजार वर्षांहूनही जुनी आहे.

कोलंबसाच्या सफरीनंतर मका युरोपात गेला. पीक उदंड, भाव स्वस्त. त्यामुळे उत्तर स्पेन आणि इटली येथील गरीब शेतकऱ्यांचे ते मुख्य अन्न बनले. परंतु दाणे नेणाऱ्यांनी चुन्याची रीत नेली नाही. गिरणी असताना हा खटाटोप कशाला, असे त्यांना वाटले असावे. पुढे एक विलक्षण रोग दिसू लागला. उन्हाला उघड्या राहणाऱ्या हातापायांची व मानेची कातडी काळवंडून खरखरीत होई, अतिसार जडे, मन भ्रमिष्ट होई आणि कित्येकदा मृत्यू येई. स्पेनमधील वैद्य गास्पार कासाल यांनी १७३५ साली हा रोग प्रथम नोंदविला. इटलीत त्याला ‘पेलाग्रा’, म्हणजे खरखरीत कातडी, असे नाव मिळाले. मक्याच्या मायदेशात मात्र, लोक पिढ्यान्‌पिढ्या मकाच खात असूनही, हा रोग क्वचितच आढळे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण संस्थानांत पेलाग्राने थैमान घातले. जेथे आज खाद्यमहोत्सव भरतो ते फ्लॉरिडा याच दक्षिण भागात मोडते. गिरणीकामगार आणि कुळे मक्याचे पीठ, काकवी आणि चरबट डुकराचे मांस यांवर दिवस काढीत. लक्षावधी लोक आजारी पडले. हा रोग स्पर्शाने पसरतो, अशी बहुतेक डॉक्टरांची खात्री होती. १९१४ साली सरकारने जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरांना तपासासाठी धाडले. त्यांच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली. अनाथालयांत आणि वेड्यांच्या रुग्णालयांत रोगी पुष्कळ. पण त्यांची अहोरात्र सेवा करणाऱ्या परिचारिकांना रोग होत नाही. रोग संसर्गजन्य असता तर त्यांना कसा सोडता? गोल्डबर्गर यांनी अनाथ मुलांना दूध, अंडी, मांस व शेंगवर्गातील धान्ये देवविली, आणि मुले बरी झाली.

तरीही पुष्कळांना पटेना. तेव्हा १९१६ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्यांचे रक्त स्वतःच्या अंगात टोचून घेतले. एवढेच नव्हे, तर रोग्यांच्या कातडीच्या खपल्या पिठात कालवून गिळल्या. गोल्डबर्गर यांच्या पत्नीनेही रक्त टोचून घेतले. कोणालाही पेलाग्रा झाला नाही. अन्नात काहीतरी उणे आहे, हे सिद्ध झाले. परंतु ते काय, हे कळण्यापूर्वीच, १९२९ साली गोल्डबर्गर वारले. ते द्रव्य म्हणजे नायासिन नावाचे जीवनसत्त्व होय, हे १९३७ साली उमगले. मक्यात ते मुळीच नसते असे नव्हे. असते, पण अशा रीतीने जखडलेले, की शरीराला त्याचा उपयोग करून घेता येत नाही. चुना ते बंधन सोडवितो. ज्या स्त्रियांनी ही रीत चालू ठेवली त्यांना जीवनसत्त्वाचे नावही ठाऊक नव्हते. भाकरी फाटू नये आणि चवीला बरी लागावी, एवढेच त्या जाणत होत्या.

या रोगाचे नाते ज्वारीशीही आहे. १९६० च्या सुमारास डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी यांनी हैदराबादच्या परिसरातील शेतमजुरांत पेलाग्रा पाहिला. हे मजूर जवळजवळ केवळ ज्वारीवर जगत होते. ज्वारीच्या भाकरीबरोबर डाळ, दूध, शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी असेल तर भयाचे कारण नाही. नुसत्या भाकरीवर वर्षानुवर्षे राहण्याची पाळी आली, तर मात्र आहे.

२०१० साली ‘युनेस्को’ या जागतिक संस्थेने मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेचा समावेश मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. मोठ्या शहरांत आता निश्तामालचे तयार पीठ पिशवीत मिळते आणि कित्येक घरी तेच वापरतात. पण खेड्यापाड्यांत अजूनही पहाटे स्त्रिया चुन्यात मुरलेला, धुतलेला मका बादलीत घेऊन गिरणीची वाट धरतात. ही गिरणी आपल्या गिरणीसारखी कोरडे पीठ देत नाही. तिच्यातून ओला, कोमट गोळा बाहेर पडतो. तो फडक्यात गुंडाळून त्या घरी नेतात, आणि न्याहारीच्या वेळेपर्यंत तव्यावर तोर्तिया फुगू लागतात.